डिस्क पुसली तेव्हा फॉन्टही गेला

आमच्या घरचा कॉम्प्युटर मी पुसला. व्हायरसने नाही, विजेने नाही, उंदराने वायर कुरतडूनही नाही. 'संपूर्ण डिस्क पुसायची का?' असं पडद्यावर आलं आणि मी 'हो' म्हटलं. तेही ताठ मानेनं. पत्रकांच्या घरात वाढलेल्या माणसाला दोष कुणाचा हे चटकन सांगता येतं, आणि तो सहसा समोरच्याचा असतो. इथे तसं करता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते.

आमचं गाव नांदुरा तालुक्यात, वडनेर भोलजीला सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर. बाबा सरकारी कचेरीत टंकलेखक होते. दिवसभर लोकांच्या अर्जांवर आणि साहेबांच्या आदेशांवर बोटं चालवायची आणि संध्याकाळी घरी येऊन पत्रकं तयार करायची, असं त्यांचं आयुष्य गेलं. विहाराच्या जागेचं पत्रक. शिष्यवृत्ती अडली त्याचं पत्रक. नळाची पाइपलाइन आमच्या वस्तीच्या अलीकडेच का थांबली त्याचं पत्रक. मी अक्षरं शिकले ती अंकलिपीवर नाही, प्रुफांवर. पत्रकाची पाठ कोरी असते, म्हणून उरलेली पत्रकं आई सुईदोऱ्याने शिवायची आणि ती माझी पाढ्यांची वही व्हायची. चौथीत बाईंनी 'माझी आई' हा निबंध दिला, तर मी शेवटी लिहिलं होतं, 'वरील अन्यायाचा आम्ही तीव्र निषेध करतो.' तेव्हापासून भाजीत मीठ कमी पडलं की आई ताट वाढतानाच विचारते, "निषेध करशील काय आता?"

बाबा निवृत्त झाले त्या सुमाराला खामगावातलं एक टायपिंगचं दुकान बंद पडलं. दुकानदार सगळं आवरून परराज्यात गेला, आणि तिथला जुना संच आमच्या घरी आला. जाड पाठीचा मॉनिटर, पिवळा पडलेला की-बोर्ड, आणि पंखा लागला की उखळात काही कुटल्यासारखा आवाज करणारा डबा. सोबत एकही सीडी नव्हती. मागायची असते हेही आम्हाला कळलं नाही. बाबांना एवढंच महत्त्वाचं होतं की टंकयंत्रावर ज्या जागी जे अक्षर असायचं, त्याच जागी ते इथेही उमटत होतं. आईने जुन्या पलंगपोसाची खोळ शिवली. काम झालं की डब्यावर खोळ चढायची, आणि बाबा तिच्यावर एकदा हात फिरवायचे.

मग त्यांना काचबिंदू झाला. कळायला उशीर झाला. तीन वर्षांत नजर इतकी गेली की पडदा त्यांना नुसता उजेडाचा चौकोन दिसायला लागला. पण टायपिंग थांबलं नाही. टंकलेखकाला कळांकडे बघायचं नसतंच. ते टाइप करायचे, मी मागे उभी राहून वाचून दाखवायची, ते चूक सांगायचे, मी दुरुस्त करायची.

त्या तीन वर्षांत त्यांनी एकच काम केलं. आमच्या वस्तीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या पाच म्हाताऱ्या बायांकडे ते माझा हात धरून गेले आणि त्यांच्या लहानपणीच्या पाण्याच्या आठवणी ऐकल्या. विहिरीपासून किती लांब उभं राहायचं, घागर कुठे ठेवायची, वरून पाणी कोण ओतायचं, कुणी येईपर्यंत किती वेळ थांबायचं. मी पत्रकाच्या पाठीवर खुणेपुरतं टिपून घ्यायची. घरी आल्याबरोबर, शब्द कानात ताजे असताना, बाबा टाइप करायचे. बाईने 'म्या' म्हटलं असेल तर 'म्या'च. "त्यायचे शब्द त्यायचेच राहू दे," ते म्हणायचे, "आपण फक्त हात लावाचे." टिपणं मग आंघोळीचं पाणी तापवायला चुलीत जायची. प्रिंटर केव्हाच बिघडला होता. म्हणजे ते पाऊणशे पानांचं पुस्तक त्या डब्याखेरीज जगात कुठेच नव्हतं.

पाचांपैकी चौघी गेल्या. उरली ती पाण्याच्या टाकीजवळ राहणारी आजी. वय नक्की कुणालाच माहीत नाही, तिलाही नाही. पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. बाबांनी तिला शब्द दिला होता, यंदाच्या आश्विन पौर्णिमेला, समाप्तीच्या दिवशी, तिचं म्हणणं सगळ्यांसमोर वाचलं जाईल. ती काठी टेकत यायची आणि दारातूनच विचारायची, "माह्यं कवा वाचता? का मी गेल्यावर वाचता?"

"वाचतो ना आजी. पौर्णिमेला."

"पाह्य बरं. थ्या चौघी अशाच गेल्या. आपण काय बोललो ते ऐकलंच नाही त्यायनं."

भाद्रपदातल्या एका सकाळी बाबांनी बटण दाबलं आणि उखळ कुटण्याचा आवाज आला, पण उजेडाचा चौकोन आला नाही. मी पाहिलं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी ओळ होती. कसलीशी फाइल हरवली आहे, एवढा तिचा अर्थ.

डबा पलंगपोसात बांधून मी एसटीने खामगावला नेला. मांडीवर ठेवून, पोराला दवाखान्यात नेतात तसा. दुरुस्तीच्या दुकानात टेबलामागे बसलेल्या माणसाने तो उघडला, तोंडानेच फुंकर मारली, धूळ माझ्याच अंगावर आली.

"विंडोज उडाली ताई. ओरिजिनल सीडी हाये काय?"

"नाही."

"मंग काय टेन्शन नाही. आपल्याजवळ हाये." त्याने खणातून एक सीडी काढली. तिच्यावर स्केचपेनने काहीतरी खरडलेलं होतं. "रिपेअर मारून देतो. दहा मिनिटं. आतलं काहीच जात नाही, हाये तसंच राह्यते सगळं."

"ही विकत घेतलेली आहे का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "कोन्या गावची तुम्ही ताई?"

"म्हणजे चोरीची."

"अवो ताई, साऱ्या खामगावात हेच चालू हाये. अन् याच्यात आधी होतं थे काय तुमच्या बाबानं ओरिजिनल घेतलं होतं?"

उत्तर नसलं की मी मोठ्याने बोलते. मी त्याला तिथे उभं राहून भाषण दिलं. एका कंपनीच्या कुलपात सगळ्यांची अक्षरं कशी अडकतात, आणि चोरीची किल्ली वापरली तरी कुलूप त्यांचंच राहतं, वगैरे. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणाच्याही मालकीची नसलेली, कुणालाही वापरता येणारी ऑपरेटिंग सिस्टीम असताना आपण ही लाचारी का करायची? त्याने शांतपणे ऐकलं. मग स्क्रू परत बसवत म्हणाला, "भाषण चांगलं देता तुम्ही. डबा न्या."

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय म्हणे तो?"

"त्याच्याकडे सीडी आहे. पण चोरीची आहे."

बाबा अख्ख्या नोकरीत कचेरीतला एक कार्बन पेपर घरी आणला नाही असे गृहस्थ. "मंग नको," ते म्हणाले.

'आतलं काहीच जात नाही, आहे तसंच राहतं,' असं तो म्हणाला होता, हे मी बाबांना सांगितलं नाही. विसरले म्हणून नाही. ते सांगितलं असतं तर त्यांना विचार करावा लागला असता, आणि त्यांनी विचार करावा असं मला नको होतं. मला माझी मुक्त सिस्टीम त्या डब्यात बघायची होती. या सगळ्या प्रकरणातली माझी खरी चूक हीच. पुढची नुसती घाई होती.

डबा एवढा जुना की पेनड्राइव्हवरून सुरू होईना. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याकडे कोऱ्या सीड्या मिळाल्या, मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून एकीत ती सिस्टीम भरून घेतली. ही सीडी डब्यात घातली की डिस्कला धक्का न लावता आतलं बघता येतं. मी बघितलं. बाबांचं फोल्डर जागेवर होतं. पाच बायांच्या पाच फाइली, जुनी पत्रकं, सगळं. मी एकूण एक फाइल पेनड्राइव्हवर उतरवली, मोजली, पुन्हा मोजली. मग तो प्रश्न आला आणि मी 'हो' म्हटलं.

दुपारभर पट्टी सरकत राहिली. आई धान्य निवडत बसली होती. शेवटी निळा, स्वच्छ पडदा आला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

"काय झालं व?"

"आई, आता आपल्या घरात कुणाची गुलामगिरी नाही."

"बरं झालं. मंग आता थ्या स्वतंत्र डब्ब्याले म्हणा, जरा कमी वाज."

मी पेनड्राइव्ह लावला. टाकीजवळच्या आजीची फाइल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं होती. शब्द नव्हते. के, यू, एच, टिंब, स्वल्पविराम, अर्धा कंस, पुन्हा के. मुंग्या फुटाव्यात तशी ओळीवर ओळ. दुसरी फाइल उघडली. तशीच. पाचही तशाच.

काय झालं ते मला त्या क्षणी समजलं, आणि आधी समजायला हवं होतं. त्या काळच्या मराठी टायपिंगमध्ये कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठत. बाबा 'प' ची कळ दाबत, आत 'एच' जमा होई, आणि त्या 'एच' वर 'प' चा चेहरा चढवायचं काम फॉन्ट करी. फॉन्ट ही वेगळी फाइल. ती बाबांच्या फोल्डरमध्ये नव्हती, जुन्या विंडोजच्या आत कुठेतरी होती. मी सगळ्या फाइली मोजून उचलल्या आणि त्यांना वाचता करणारी एकच फाइल पुसून टाकली. हल्लीच्या पोरांच्या मराठीला हा आजार होत नाही. आमच्या आधीच्या पिढीने मात्र अशीच उसन्या चेहऱ्यांची मराठी वर्षानुवर्षं लिहिली, आणि चेहरा वेगळा ठेवावा लागतो हे कुणी कुणाला सांगितलं नाही.

दोन दिवस मी बाबांना "चालू आहे काम" सांगत राहिले. इंटरनेटवरून तसले फॉन्ट उतरवले. प्रत्येक कंपनीने अक्षरं आपापल्या मनाने मांडलेली. एक लावला तर मुंग्यांच्या जागी 'झ्र घ ॥ ठु' असलं काही आलं, दुसरा लावला तर नुसते चौकोन. आमच्या फॉन्टचं नाव काय हेच कुणाला माहीत नव्हतं. खामगावच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"फॉन्टचं नाव सांगा ताई, शोधतो."

"तेच माहीत नाही."

टोमणा मारेल असं वाटलं. पण तो म्हणाला, "डिस्क पुसल्यावर वरून दुसरं काही टाकलं काय?"

"नवी सिस्टीम टाकली."

"अरारा," तो म्हणाला. एवढंच. आणि ते मला त्याच्या दुकानातल्या कोणत्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी आजी आली. यावेळी काठी टेकत नाही, नातसुनेच्या खांद्याला धरून. पायरीवर बसली आणि धाप ओसरायला तिला बराच वेळ लागला. पौर्णिमेला तीन आठवडे होते. आईने पाणी दिलं.

"वाचा ना व मले थोडंसं," ती म्हणाली. "सारं नका वाचू. पौर्णिमेचं पौर्णिमेले. पर दोन ओळी तं वाचा."

"वाच," बाबा मला म्हणाले. "तिचं पहिलं पान काढ."

"बाबा, वाचता येत नाही."

"काऊन?"

मग मी सगळं सांगितलं. फॉन्टचं, पुसण्याचं, आणि खामगावचा माणूस काय म्हणाला होता तेही. आजीला त्यातलं फारसं कळलं नसावं, पण काहीतरी गेलं एवढं कळलं. ती म्हणाली, "जाऊ द्या. आपलं बोलणं काय रेडिओत येत होतं थोडंच," आणि नातसुनेला हात केला. ती गेल्यावर बाबा खोळीवर हात ठेवून बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पत्रकात ओरडणारा माणूस घरात कधी ओरडत नसे. पहिल्यांदा त्यांनी एवढंच विचारलं, "तो म्हणला होता, काही जात नाही?"

"हो."

"मले सांगाचं होतं."

"हो."

आत कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. बाबा म्हणाले, "तुले दिसते काय तिथं?"

"काहीच नाही. नुसती इंग्रजी अक्षरं."

"थेच इचारतो. कोणती?"

"बाबा, त्याला काही अर्थ नाही."

"अर्थाचं मी पाहून घेतो. तू अक्षरं सांग."

मी पडद्यावरची पहिली पाच अक्षरं वाचली. "एच. के. यू. के. एस."

त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता. बोटं हलली. तर्जनी डावीकडे सरकली, मधलं बोट टेकलं, तर्जनी वर गेली, मधलं बोट पुन्हा टेकलं, मग डाव्या हाताची अनामिका. ते थांबले. मान वाकडी करून त्यांनी तेच पुन्हा केलं, सावकाश, लांबून येणारा आवाज ऐकावा तसं.

"पाणी," ते म्हणाले.

मला वाटलं, अंदाजाने म्हणाले. पुस्तकच पाण्याचं. मी पुढची सात अक्षरं सांगितली. बोटं हलली. "भराले." पुढची. "जावो." पुढची. "आमी." मग ते हसले. "'पाणी भराले जावो आमी सकायीच.' तिचंच हाय हे. की-बोर्ड दे इकडं."

त्यांनी की-बोर्ड मांडीवर घेतला. पडद्यावर काही उमटू नये म्हणून मी त्याची वायर डब्यातून काढून ठेवली. मी अक्षर सांगायची, ते ती कळ दाबायचे, आणि बोट ज्या जागी गेलं त्या जागेवर टंकयंत्रात कोणतं अक्षर होतं ते त्यांचं तोंड सांगायचं. डोक्याला विचारलं तर त्यांना येत नव्हतं. "'डब्ल्यू' म्हणजे काय बाबा?" असं मी विचारलं की ते गोंधळायचे. "असं नको इचारू. सांग नुसतं, बोटाले कळते." 'के' मात्र मीही लवकर ओळखला. तो काना होता, आणि अर्ध्या अक्षरापुढे लागणारी दांडीही तोच, म्हणून पानभर दिसायचा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची. "यंत्रात तसंच," ते म्हणायचे, "वेलांटी पह्यले जाऊन जागा धरते."

एका जुन्या पत्रकाच्या पाठीवर मी तक्ता करत गेले. डावीकडे पडद्यावरचं चिन्ह, उजवीकडे बाबांनी सांगितलेलं अक्षर. चौथ्या दिवशी साधे शब्द मी एकटीने वाचू लागले. जोडाक्षर आलं की बाबांच्या बोटांना विचारायचं. आई भाजी चिरता चिरता ऐकायची. एकदा म्हणाली, "तीस वर्षं झाली, हा माणूस झोपेत बोटं हलवते. मले वाटे मच्छर चावून राह्यले. हा तं टायपिंग करत होता."

आजीचं प्रकरण आम्ही सगळ्यात आधी घेतलं. दिवसाला दीड-दोन पानं. मी ते तीन वर्षांपूर्वी एकदा वाचलं होतं, बाबांच्या मागे उभं राहून, चुका शोधत. चुका शोधताना माणूस वाचत नाही हे मला या वेळी कळलं. आता एकेक अक्षर हाताने उचलून ठेवावं लागत होतं, त्यामुळे कुठलंच वाक्य निसटत नव्हतं. एक जागा अशी आली:

'वरून पाणी वते थे पोरगी माह्याच वयाची होती. हिरव्या बांगड्या होत्या तिच्या हातात. नाव काय तिचं मले कधीच माहीत नाही पडलं, इचाराचं नव्हतं. माह्या मडक्याले चीर गेली होती. तिनं वतलं का गळून जाय. तिनं अजून वतलं. अजून गळलं. मंग तिले कोणी तरी घरातून हाक मारली, रागानं. दुसऱ्या रोजी आमच्या उभं राहाच्या जागेवर नवं मडकं पालथं ठेवलेलं होतं. माय म्हणे, घेऊ नको. म्या घेतलं नाही. काऊन घेऊ? पर रोज पाहून येवो, हाये का म्हणून.'

मी पेन खाली ठेवलं. "बाबा, हे कशाला ठेवलं तुम्ही?"

"कोणतं?"

"हे मडक्याचं. विहिरीवर चढू देत नव्हते, लेकरांना तासन्तास उन्हात उभं करत होते, आणि आपण हिरव्या बांगड्यांचं कौतुक छापायचं? उद्या कुणीही म्हणेल, बघा, तेव्हाही लोक किती चांगले होते. हे काढू या."

"तिनं घेतलं नाही, थे नाही दिसलं तुले?"

"दिसलं. तेवढं ठेवू. बांगड्या काढू."

बाबांची बोटं कळांवर स्थिर होती. "तू चुकून पुसलं, त्याचं मले काही वाटत नाही," ते म्हणाले. "हे तं समजून पुसणं झालं. थ्या बुढीनं सत्तर-पंच्याहत्तर वर्षं दोन्ही जपलं. घेतलं नाही हेही, अन् पाहाले जाय हेही. आपण कोण त्यातलं एक काढणारे? सांग पुढचं अक्षर."

मी पुढचं अक्षर सांगितलं. त्या दिवशी मला राग होता, आणि तो पूर्ण गेला आहे असं आजही म्हणणार नाही. विहिरीबद्दल तर नाहीच. पण खामगावच्या त्या दुकानात मी पुढे आलेला एक हात नाकारला होता आणि त्याचा मला अजून अभिमान वाटत होता. पुन्हा कुणी तशी सीडी पुढे केली तर मी पुन्हा नाही म्हणेन. फक्त त्याने काय देऊ केलं होतं ते घरी येऊन पूर्ण सांगेन.

आश्विन पौर्णिमेपर्यंत आजीचं प्रकरण झालं. बाकीच्या चौघींचं व्हायचं होतं. नव्या सिस्टीमवर, नव्या फॉन्टमध्ये मी ते टाइप केलं, वडनेरहून छापून आणलं. विहारात वंदना झाली, खीर अजून पातेल्यात होती, पोरं तिच्याभोवती घुटमळत होती. आजीला खुर्चीत बसवून आणलं होतं. दोन पोरांनी खुर्ची उचलली तेव्हा ती त्यांना म्हणत होती, "हयू चाला बे, मी काय गव्हाचं पोतं हाओ काय?" तिला पुढे ठेवलं. बाबा तिच्याशेजारी खाली बसले.

मी वाचलं. पाणी भराले जावो आमी सकायीच. आजी माझ्याकडे बघत नव्हती, समोर कुठेतरी बघत होती. तिचे ओठ माझ्या अर्धा शब्द मागून हलत होते. मडक्याची जागा आली तेव्हा माझा आवाज थोडा कडक झाला असेल. मी एकही शब्द गाळला नाही. वाचन संपलं.

"हाव," आजी म्हणाली. "असंच म्हटलं होतं म्या." मग खाली वाकून बाबांना म्हणाली, "तुह्या पोरीनं तं पुसलं होतं म्हणे सारं?"

"हाव ना."

"मंग आलं कुठून?"

बाबांनी उजवा हात वर केला आणि बोटं हलवून दाखवली. आजीला हसू आलं. दात नसलेलं, खांदे हलवणारं हसू. मग तिने मला खुणेनं जवळ बोलावलं.

"एक राह्यलं त्याच्यात. लिहून घे."

माझ्याजवळ तोच कागद होता. मी उलटा केला.

"थे मडकं पावसाळाभर तिथंच होतं. म्या नेलं नाही. अन् तिनंही माघारी नेलं नाही. लिहिलं?"

"लिहिलं आजी."

"वाच."

मी वाचलं. तिने मान हलवली आणि खिरीकडे बघितलं.

घरी आल्याबरोबर, खोळ काढून, मी ते वाक्य तिच्याच शब्दांत तिच्या प्रकरणाच्या शेवटी टाइप केलं. उखळ कुटण्याचा आवाज चालू होता. बाबा बाजूला बसले होते, त्यांची बोटं गुडघ्यावर माझ्यासोबत चालत होती, जुन्या जागांवर.

"ठेवलं कुठं?" त्यांनी विचारलं.

"डब्यात, पेनड्राइव्हवर, आणि उद्या छापूनही आणते."

"अन् फॉन्ट?"

"तोही. डब्यातही, पेनड्राइव्हवरही."

"बरं," बाबा म्हणाले. "आता दुसरीचं काढ. सांग पह्यलं अक्षर."